ते आपलं नाही

मंगळवार, १६ जुलै १९९६

सिस्टर कॅथलिक मुलांना कॅटेकिझमला, त्यांच्या धर्मशिक्षणाच्या तासाला, न्यायला आल्या. दुसरीच्या वर्गातली बाकीची मुलं माझ्याकडे, मॉरल सायन्सला. वैशाली गायकवाडही उठली. मी खांदा दाबून तिला खाली बसवलं. "बस गं, ते आपलं नाही." ती बसली.

युनिफॉर्म सगळ्यांचा एकच. मी काय बघितलं, तर आडनाव. आणि टिकली. मग तासभर शिकवलं काय? सर्व धर्म समान.

शाळा सुटल्यावर तिला न्यायला आलेले वडील भेटले; तिने त्यांना सांगितलं होतं. तुर्भ्याच्या कारखान्यातून तसेच आलेले, गळ्यात क्रूस. "आमी कॅथलिकच, टीचर. नगरकडचे. आमच्यात आडनावं जुनीच, टिकलीबी लावतात." मी सॉरी म्हटलं, ते हसले, विषय मिटला.

वैशालीचा नाही मिटला. तिचा तो खांदा अजून हाताला जाणवतोय. जाताना तिने विचारलं, "टीचर, मग आपलं कुठलं?"