विमलमावशींचा उघडा तळहात

रविवार, मलकापूर

आज चर्चमध्ये आईच्या आत्म्याच्या शांतीसाठी मिस्सा होती. आईची मैत्रीण विमलमावशी बौद्ध, पण आवर्जून आल्या. ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत त्याही उभ्या राहिल्या. मी पाहिलं, अडवलं नाही. का नाही? लोकांदेखत कसं अडवायचं, म्हणून? त्यांनी तळहात पुढे केला. फादरांनी प्रसाद दिला नाही, डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. तळहात क्षणभर तसाच उघडा राहिला.

बाहेर आल्यावर मावशींनी विचारलंच, "काव पोरी, मले काऊन नाही देल्ला?"

एरवी माझी जीभ कात्रीसारखी चालते. आज ती अडखळली. म्हटलं, तो प्रसाद ख्रिस्ताचं शरीर मानतो आम्ही, कॅथलिक बाप्तिस्मा झालेल्यांनाच देतात, तुम्ही परक्या म्हणून नव्हे. बोलले खरं, पण डोळ्यांपुढे तो तळहातच. आता मावशी पुन्हा इथे पाय ठेवतील का? आईचं एवढंच जिवंत माणूस उरलंय मला.

मावशी म्हणाल्या, "अख्ख्या गावाले टोमणे मारतं, अन् मले एक शबद पहिले सांगता नाही आला?"

"चुकलंच, मावशी."

"बरं, तुही माय वेदीवर फुलं ठेवे. आता कोण ठेवते?"

"कोणीच नाही."

"मंग मी ठेवीन. फुलाईले त बाप्तिस्मा लागत नाही ना?"

"नाही लागत." घाईघाईने विचारलं, "मी येऊ का सोबत?"

"ये. पण तिथं तोंड बंद ठेवजो."