संमती न मिळाल्यामुळे परत

२ ऑगस्ट, शनिवार

मोबाईल परत आला.

दुपारी कुरिअरवाला मुन्ना दारात उभा राहून हाका मारत होता — "हिमांशू भाऊ! पार्सल!" तो देवरीहून येतो. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. हिमांशूची आई वच्छला आतून बाहेर आली नाही. मीच गेलो. सही कुठे करायची विचारलं. म्हणाला, "ज्याच्या नावाचं हाय त्याचीच लागते, काका." मग माझ्या डोक्याकडे पाहिलं. केस अजून नीट उगवले नाहीत. मग हळूच म्हणाला, "द्या, तुमीच करा."

हिमांशू जाऊन आज अठरा दिवस.

डब्यात तोच मोबाईल. पडद्यावर तीच हिरवी रेघ, बाकी काळा. काहीच केलेलं नाही. सोबत इंग्रजी चिठ्ठी. तिचा अर्थ — तीन वेळा संपर्क करूनही ग्राहकाची संमती न मिळाल्यामुळे दुरुस्ती न करता परत.

खोटं! फॉर्मवर संपर्कासाठी नंबर माझा दिला होता. माझा मोबाईल दिवसभर खिशात असतो. कोणीही विचारलं नाही.

३ ऑगस्ट

काल सगळं उलटसुलट लिहिलं. आज क्रमाने लिहितो.

२३ जूनला मोबाईल पाठवला. वॉरंटीत होता. कंपनीनेच सांगितलं, चिचगडला आमचं केंद्र नाही, पार्सल करा, दहा दिवसांत घरपोच मिळेल. हिमांशूने सिम काढून कॅलेंडरच्या मागे चिकटवलं. दुसरा मोबाईल घरात नाही. माझा मी शाळेत नेतो.

३ जुलैपर्यंत यायला हवा होता. आला नाही.

१५ जुलैला दुपारी तो एकटा शेतावर गेला, धानाच्या बांधीत पाणी किती आहे पाहायला. शेताच्या धुऱ्यावरून चालताना नाग चावला. हाक मारायला आसपास कोणी नव्हतं. तो चालत निघाला. दोन किलोमीटर. गावातल्या बकारामच्या घरापाशी येऊन बसला. बकारामने गाडीवर घेतलं आणि मला फोन केला. डॉक्टर म्हणाले, "अर्धा तास आधी आणला असता तर."

मी शाळेच्या ऑफिसात होतो. गाडी खिडकीखाली उभी होती. त्याच्याजवळ मोबाईल असता तर त्याने मलाच लावला असता. सात मिनिटांत पोचलो असतो.

अर्धा तास. तो या लोकांनी खाल्ला.

४ ऑगस्ट

कंपनीला फोन लावला. पाऊण तास संगीत. मग एक मुलगी. "हिमांशू जी से बात हो सकती है?"

"नहीं."

"सर, कब बात हो पाएगी?"

मी फोन ठेवला. नंतर जेवलो नाही. तसंही सध्या भात ताटातच राहतो.

७ ऑगस्ट

अर्ज तयार केला. तीस वर्षं आश्रमशाळेत लिपिक आहे, अर्ज कसा लिहावा ते मला कोणी शिकवायला नको. विषय, संदर्भ, तारखा. शेवटी लिहिलं — मला पैसे नकोत. नवा मोबाईल नको. 'विलंब आमच्याकडून झाला' एवढी एक ओळ कंपनीच्या कागदावर सही-शिक्क्यासह द्यावी.

गुंजनला गोंदियाला फोनवर वाचून दाखवला. तिने इंग्रजी करून मेल केला. विचारत होती, "बाबा, ओळ घेऊन काय कराल?"

काय करीन ते मलाही माहीत नाही. पण ती हवी.

१० ऑगस्ट

उत्तर नाही.

१२ ऑगस्ट

उत्तर नाही. दुसरा मेल. वच्छलाने ताट वाढताना विचारलं, "अजी, आज काय लिवलं कंपनीले?" सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. सांगता सांगता भात संपला.

२३ ऑगस्ट

काल पोळा झाला. आमच्याकडे यंदा सण नाही. बैल बकारामने आपल्या बैलांसोबत नेले, त्यानेच शिंगं रंगवली, त्याच्या बायकोने पुरणपोळी आणून दिली. संध्याकाळी तो ओट्यावर बसला होता. कंपनीचा विषय मीच काढला.

म्हणाला, "बाबूजी, एक बोलू का? माह्या बापालेबी नागच डसला. तवा कोनाजवळ होता मोबाईल?"

मी म्हटलं, तेव्हा नव्हता, म्हणून कोणाचा दोष नव्हता. आता आहे.

"म्हंजे दोष पायजेन तुमाले."

"हो. पाहिजे."

तो थोडा वेळ चप्पल ओट्यावर घासत राहिला. मग म्हणाला, "मंग माह्याही नावानं काढा. माही गाडी दोन किकीत चालू नाही झाली त्या दिवशी. पाच-सहा मारल्या." आणि रडला. मी पहिल्यांदाच त्याला रडताना पाहिलं. त्याला म्हटलं, तुझा काही दोष नाही. खरंच नाही. दोष कागदावर आहे.

६ सप्टेंबर

उत्तर आलं! 'आमच्या नोंदीनुसार १, ३ आणि ६ जुलै रोजी आपल्या नंबरवर संपर्क साधला होता. पडदा बदलताना मोबाईलमधील मजकूर पुसला जातो, त्यासाठी संमती आवश्यक असते.' खाली 'आपल्या असुविधेबद्दल खेद आहे.' असुविधा!

म्हणे नोंदीनुसार. नोंद कोणीही लिहू शकतो. मीही आयुष्यभर नोंदीच लिहीत आलो. गैरहजर पोरगं हजर कसं होतं, ते मला विचारा.

माझ्या मोबाईलमध्ये जुलैचे कॉल आता दिसत नाहीत. नवीन आले की जुने जातात म्हणे. पण मला आठवलं असतं ना! कंपनीचा फोन आला, आणि मी हो म्हटलं नाही — असं होईल का? पोरगा रोज विचारत होता, बाबा, आला का काही फोन?

आजच उत्तर पाठवलं. तीन पानं. वच्छला जवळ बसून होती. म्हणाली, "लिवा. चांगलं झणझणीत लिवा."

३० सप्टेंबर

धान निसवलं, लोंब्या बाहेर आल्या. हिमांशूने रोवणी केलेल्या बांधीतलं सगळ्यात आधी. पाहून परत आलो. आत उतरलो नाही.

२२ ऑक्टोबर

गुंजन आणि जावई आले. दिवे लावले नाहीत. जावई चांगला आहे, पण म्हणाला, "बाबूजी, एवढी मोठी कंपनी, ते काय लिहून देणार?" मी म्हटलं, मग ग्राहक आयोगात जाऊ. गुंजन आईला म्हणाली, "आई, तू तरी समजाव न यायले. किती दिवस चालून राहिलं हे!"

वच्छला म्हणाली, "करू दे त्यायले."

गुंजन तिच्याकडे बघतच राहिली. वच्छला चुलीवरचं उतरवायला निघून गेली.

३ नोव्हेंबर

गोंदियाला जाऊन ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. तीन प्रती, मृत्यूचा दाखला, चिठ्ठीची झेरॉक्स, पार्सलची पावती. तिथल्या बाबूने कागद लावलेले पाहून विचारलं, "कोणत्या ऑफिसात आहात?" सगळं क्रमाने होतं.

मागणीच्या रकान्यात रक्कम लिहावी लागते म्हणाला. मी म्हटलं एक रुपया लिहा, आणि ती ओळ.

येताना गुंजनकडे थांबलो. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. ती म्हणाली, "बाबा, तुमचा चेहरा भरला थोडा."

१९ नोव्हेंबर

कापणी सुरू. मजुरांबरोबर वच्छला जाते. मी नाही.

८ डिसेंबर

कंपनीचा वकील आला होता म्हणे, तारीख वाढवून गेला. पुढची ९ जानेवारी. आधी दोघांना बसवून समेटाचा प्रयत्न करतील.

मी समेट करणार नाही. ओळ मिळाली तर वेगळं.

२७ डिसेंबर

आज स्वप्नात हिमांशू मोबाईल मागत होता. मी खिशात शोधत होतो.

८ जानेवारी

उद्याची तयारी झाली. काय बोलायचं ते लिहून काढलं, पाठही केलं. वच्छलाने शर्ट इस्त्री करून आणला. म्हणाली, "नाई गेले तरी चालते, अजी." मी म्हटलं, इतके दिवस तूच तर म्हणत होतीस, लिवा लिवा! तिने शर्ट खुंटीला लावला. तिची तब्येत बरी दिसत नाही.

९ जानेवारी, शुक्रवार

एका लहान खोलीत बसवलं. मधे समेट करणाऱ्या बाई, पलीकडे वकील आणि नागपूरहून आलेला कंपनीचा एक पोरगा. हिमांशूपेक्षा दोन-चार वर्षांनी मोठा असेल. उर्मट नव्हता. मी आत आलो तर उठून उभा राहिला.

मी पाठ केलेलं बोललो. मला एकही फोन आला नाही. कंपनीने खोटी नोंद केली. त्या विलंबाने माझा मुलगा गेला.

वकील काही बोलायला लागला तर पोराने त्याला थांबवलं. म्हणाला, "काका, आम्ही ओळ लिहून आणली आहे. साहेब म्हणाले देऊन टाका, बाकीचं बोलू नका." आणि कागद पुढे सरकवला. कंपनीचं नाव, शिक्का, सही. विलंब आमच्याकडून झाला.

पाच महिने ज्याच्यासाठी भांडलो तो कागद समोर होता. मला वाटलं होतं, काहीतरी सुटेल. काही सुटलं नाही. मी विचारलं, "बाकीचं म्हणजे काय?"

पोरगा वकिलाकडे पाहायला लागला. "काही नाही काका. ६ जुलैच्या कॉलची रेकॉर्डिंग आहे. ऐकायची गरज नाही. मिटवून टाकू."

मी म्हटलं, लावा. असेल तर लावा!

बाईंनीही मला विचारलं, "नक्की?"

त्याने लॅपटॉपवर लावली.

११ जानेवारी

काल लिहवलं नाही. आज लिहितो. एकेचाळीस सेकंद आहेत. मी तीन वेळा ऐकली, मला पाठ आहे.

मुलगी: सर, हिमांशू जी के मोबाईल के बारे में—

मी: कौन बोल रहे?

मुलगी: सर, कंपनी से. आपके नंबर पे एक ओटीपी आया है, वो बता दीजिए तो हम आगे—

मी: ओटीपी-बिटीपी कुछ नहीं मिलेगा. तीसरी बार फोन कर रहे तुम लोग. पुलिस में दूंगा.

मग हिमांशू. थोडा लांबून, पण स्पष्ट: "बाबा, माह्या मोबाईलचा तं नोहे?"

मी: "तू चूप बस. चोर हायेत साले."

मागे घरातलं भांडं ठेवल्याचा आवाज. मग कट.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा फक्त माझा आवाज ऐकू आला. दुसऱ्यांदा लावायला सांगितलं, तेव्हा त्याचा. सहा महिन्यांनी. तिसऱ्यांदा कशाला लावायला सांगितलं, माहीत नाही. कंपनीच्या पोराने लावली. त्याचे डोळे भरले होते.

आता सगळं आठवतं. तो रविवार होता, आषाढी एकादशी. आम्ही घरीच होतो. जूनमध्ये आमच्या एका शिक्षकाचा अख्खा पगार ओटीपी सांगून गेला होता. शाळेच्या फळ्यावर सूचना मीच लिहिली — अनोळखी फोन घेऊ नका, ओटीपी सांगू नका. पोरांना प्रार्थनेनंतर मीच समजावून सांगितलं. असे फोन कापले की मला बरं वाटायचं. फसलो नाही, असं. कापला की विसरलो. लक्षात ठेवण्यासारखं त्यात काय होतं?

त्याने विचारलं होतं. त्याने बरोबर ओळखलं होतं.

कागद मी परत सरकवला. पोरगा म्हणाला, "राहू द्या काका, घेऊन जा. आमचं काही जात नाही." मी म्हटलं, खोटं आहे ते. शिक्का मारून खोटं लिहू नये.

१३ जानेवारी

जेवलो नाही.

१४ जानेवारी

जेवलो नाही. वच्छलाला सांगितलं, पित्त झालं आहे. तारखेला काय झालं तिने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. गुंजनचे चार फोन. उचलले नाहीत.

१६ जानेवारी

तक्रार मागे घेण्याचा अर्ज पोस्टाने पाठवला. कारणाच्या जागी लिहिलं — कंपनीने संपर्क साधला होता. तक्रारदाराने संमती दिली नाही.

पहिल्या झटक्यात लिहिलं. एकही खाडाखोड नाही.

१८ जानेवारी

आज वच्छलाला सांगितलं. तिने तांदूळ निवडणं थांबवलं नाही. म्हणाली, "मले मालूम होतं. मी तेथंच होतो न."

मी विचारलं, मग इतके दिवस बोलली काऊन नाहीस?

म्हणाली, "तेरवीनंतर तुमी ताटाले हात लावून नोते राहिले. भांडाले लागले, तं जेवाले लागले."