पिशवीवरचं तपकिरी आवरण

१९ नोव्हेंबर, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. आधी आनंदाची बातमी, नाहीतर तू पत्र उलटं करून शेवटच आधी वाचशील. बाबांनी आज तेवीस दिवसांनी तोंडाने घेतलं. चार चमचे पातळ सूप. पाचव्याला म्हणाले, "यात मीठ कुणाच्या बापाने घालायचं?" मी तिथेच रडलो.

बाकी घरी सगळे ठीक. पंखा दुरुस्त झाला. तुझी निळी छत्री सापडली, माझ्याकडेच होती.

शिरेतून पोषण देणारी पिशवी आता अर्धीच लावतात. रक्ताचे रिपोर्टही सुधारलेत. पिशव्या तयार करणाऱ्या फार्मसीतल्या बाईंनी मला समोर बसवून समजावलं. त्यात साखर, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वं आणि अमिनो आम्लं असतात, म्हणजे प्रथिनांचे सुटे तुकडे. त्यांतल्याच काहींपासून शरीर स्वतःची राखण करणारं द्रव्य बनवतं. आजारपणात हा साठा आटतो. त्यात पिशवीवर उजेड पडला की आतली जीवनसत्त्वं बिघडतात आणि त्या साठ्यावर आणखी ताण येतो. म्हणून ते तपकिरी आवरण.

जे तू दोनदा काढलेलं पाहिलंस. ज्यावरून सिस्टरना सगळ्यांदेखत फैलावर घेतलंस, लेखी तक्रार केलीस. मी शेजारी उभा राहून फरशी बघत होतो.

ताई, आवरण मी काढायचो. रोज, भेटीच्या वेळी. आतलं ते दुधासारखं पांढरं; कमी होताना दिसलं की वाटायचं, बाबा जेवताहेत. आईला फोनवर सांगायचो, "आज निम्मं संपवलं हं." निघताना परत चढवायचो. दोनदा विसरलो, आणि नेमकी दोन्ही वेळा तू आलीस.

फार्मसीतल्या बाईंना हे सांगितलं, तर म्हणाल्या, "तेवढ्याने त्यांचं काही बिघडलेलं दिसत नाही. पण आधी विचारायला काय झालं होतं?" बाबांसाठी घाबरलो होतो, एवढंच.

आज सकाळी मेट्रनकडे सगळं लिहून दिलं. सिस्टर उद्यापासून परत बाबांच्या वॉर्डात येतील. त्यांची माफी मागितली, तर म्हणाल्या, "आठ दिवस स्टोअरमध्ये चादरी मोजल्या मी. तुमच्या बहिणीलाही सांगा." म्हणून हे पत्र. फोनवर तू मला बोलूच दिलं नसतंस.

चिडायचंच तर स्वतःवर नाही, माझ्यावर चीड. पण त्यांना दोन ओळी तुझ्या हाताने लिही.

आज तेवीस दिवसांनी पोटभर जेवलेला,
तुझा ठोंब्या