नानचांगला तीन दिवस, एकट्याने

३ ऑक्टोबर, गुरुवार

सांगून टाकलं. जेवताना. "मी नानचांगला जाणार. तीन दिवस. एकटा."

सूयुनने भाताचा वाडगा खाली ठेवला. "पुढच्या वर्षी जाऊ, बाबा. मी नेते तुम्हाला."

"पुढच्या वर्षी का?"

"तुम्हाला माहितीये का ते."

माहिती आहे. मला चौऱ्याऐंशीवं लागलंय. आमच्या सूसोंगमध्ये हे वर्ष घाताचं धरतात; या वर्षात म्हातारा माणूस गावाची वेस ओलांडत नाही, दाढीसुद्धा जपून करतो. आकडाही उच्चारायचा नाही. कुणी वय विचारलं तर त्र्याऐंशी सांगायचं, नाहीतर पंच्याऐंशी. मधलं वर्ष जणू पंचांगातच नाही. मी स्वतः बाजारात पंच्याऐंशी सांगतो — मान जास्त मिळतो.

पण घरात बसून हे वर्ष काढायचं? नाही. आणि "या महिन्यात तर नाहीच नाही," असं ती वर म्हणाली. जशी काही पोरगी मी आणि बाप ती.

४ ऑक्टोबर

ठरलं म्हणजे ठरलं.

६ ऑक्टोबर, रविवार

बागेत लुओशी बुद्धिबळ. आम्ही दोघांनी धान्यकोठारात चाळीस वर्षं एकाच काट्यावर पोती तोललेली, त्यामुळे तो बोलताना काही तोलत नाही.

"एकटा जाणार? तू परवा भाजीबाजारातून दुसऱ्याची पिशवी घेऊन आलास."

"माझ्यापेक्षा चांगली भाजी होती तिच्यात."

"अरे, सहलीवाल्यांबरोबर जा ना. पिवळी टोपी देतात, दोन वेळचं जेवण देतात, मलमाची दुकानं दाखवतात."

"आणि नदीकाठच्या त्या जुन्या मनोऱ्यापाशी किती वेळ थांबतात?"

"फोटोपुरते."

तेच तर. मला फोटोपुरतं थांबायचं नाही. मला गान नदीच्या काठी तिन्हीसांजेपर्यंत बसायचंय. एक्याऐंशी साली बायकोला नेतो म्हणालो होतो, कोठारात धान्य यायचे दिवस होते, राहिलं. नंतर ती राहिली नाही. सगळ्या गोष्टी अशाच पुढच्या वर्षी होत होत माझं वय झालं.

खरी सुरुवात त्याच्याही आधीची — छप्पन साल, मेंग सरांचा वर्ग. खिडकीला काचा नव्हत्या, तेलकागद लावलेला. सरांनी त्या मनोऱ्याबद्दलचा जुना पाठ शिकवायला घेतला आणि महिनाभर दुसरं काही शिकवलंच नाही. एकेक ओळ म्हणायचे आणि मग गप्प उभे राहायचे, नदी समोरच असल्यासारखे. त्यांनी स्वतः नानचांग पाहिलं नव्हतं. वर्गात आम्ही चाळीस मुलं होतो. पाठ सगळा, अथपासून इतिपर्यंत, दोघांनाच आला. दुसरा बिचारा साठ साली गेला.

८ ऑक्टोबर

मनोऱ्याच्या कचेरीत फोन केला. तिथे जुनी पद्धत आहे — दारात उभं राहून तो पाठ न चुकता म्हटला की तिकीट माफ. फोनवरची मुलगी फार गोड बोलली.

"आजोबा, वय काय तुमचं?"

"पंच्याऐंशी."

"मग तुम्हाला तसंही तिकीट नाही. सत्तरीच्या वरच्यांना मोफत."

"मला मोफत नकोय. मला म्हणून दाखवायचंय."

"पण गरजच नाहीये ना."

"बाळ, अडुसष्ट वर्षं पाठ करून ठेवलाय. कुणीतरी ऐकायला नको?"

ती हसली. म्हणाली, गर्दी नसेल तेव्हा या, मी ऐकेन. सकाळी नऊच्या आत.

नऊच्या आत! म्हणजे आदल्या दिवशी पोचून मुक्काम हवा. वहीत तसं लिहून घेतलं.

९ ऑक्टोबर

मधला एक परिच्छेद निसटला. दुपारी भांडी घासताना आपोआप आला. सूयुनला सांगितलं नाही.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

आमच्या पंचांगातल्या नवव्या महिन्यातली नवमी. आज म्हाताऱ्यांचा सण, उंचावर चढायचा दिवस. मी चौथ्या मजल्यावर सूयुनकडे चढलो. तिचा नवरा गेल्यापासून आम्ही दोघंच — ती वर, मी खाली.

तिने कार्प मासा आणला होता, हा एवढा. या वर्षात मुलीने बापाला तो खाऊ घालायचा असतो. मासा उडी मारतो, बापाने त्याच्यासारखं वर्षावरून उडी मारायची. आणि दुसऱ्या कुणी तोंड लावायचं नाही, सगळा आपणच संपवायचा.

"एक तुकडा घे गं."

"नियम आहे, बाबा. खा गुपचूप."

तिने नुसती पेज घेतली. मी पाऊण मासा खाल्ला आणि हरलो. ती समोर बसून बघत होती. शाळेच्या भोजनगृहात तीनशे मुलांना वाढते, पण मला खाताना बघायला तिला कुठली एवढी गंमत वाटते कळत नाही. मग म्हणाली, "हे वर्ष तुमचं नीट जाऊ दे. बाकी काही नको मला."

मन जरा कच्चं झालं होतं. जिन्यावरून उतरताना पुन्हा पक्कं केलं. माशाने उडी मारायची ती घरात बसून थोडीच?

१३ ऑक्टोबर, रविवार

बेत असा. सकाळची गाडी, सव्वा तास. तिथून भुयारी रेल्वे, एकदा बदलायची. दुपारी तिथल्या तिखट मिसळलेल्या शेवया आणि मडक्यातलं सूप — लुओ म्हणतो, तुझ्या पोटाला झेपणार नाही. बघू. संध्याकाळी नदीकाठ. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला मनोऱ्याच्या दारात. तिसऱ्या दिवशी काहीच नाही. मुद्दाम. तिसरा दिवस नुसता बसायला.

नकाशा भिंतीवर लावलाय. रस्ते पाठ करतोय, ओळी पाठ केल्या तसे. रस्ते सोपे जातात, त्यांना यमक नसलं तरी वळणं असतात.

मुक्कामाचं मात्र अडलं. तीन ठिकाणी फोन केले.

"एकटेच? वय?"

पंच्याऐंशी म्हटलं की संपलं. मग एक म्हणतो खोली नाही, दुसरी म्हणते मुलांचा फोन नंबर द्या, तिसरा सरळ म्हणाला, "काका, रात्रीत काही झालं तर आम्ही कुणाला उत्तर देणार?" मी म्हटलं, "झालं तर मीच येऊन सांगेन." त्याने फोन ठेवला.

शोधायचं थांबवणार नाही.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

आज काय सापडलं! सूयुनच्या फ्रिजवर, चुंबकाखाली, एक कार्ड — 'शिन्आन अतिथीगृह, नानचांग'. मागे पेन्सिलीने २१ ऑक्टोबर.

म्हणजे तोंडाने नाही नाही आणि मागून खोलीची सोय! मला न सांगता न्यायचा बेत. लहानपणी अशीच होती, माझ्या वाढदिवसाची अंडी दोन दिवस आधी उकडून लपवायची.

तिच्यासमोर चेहरा कोरा ठेवला. नंबर उतरवून घेतला. ती येणार तर येऊ दे, पण मनोऱ्याच्या दारात मी एकटाच उभा राहणार, हे तिला आधी सांगावं लागेल.

१६ ऑक्टोबर

अतिथीगृहात फोन केला. बाई मोठ्या आवाजात बोलणारी, माझ्यासारख्यांची सवय असलेली.

"झान सूयुन? हो, आहे ना नाव. एकवीसपासून पाच रात्री."

पाच! मी तर तीनच मागत होतो. मी विचारलं, तिथून मनोरा किती लांब?

"मनोरा? ते नाही सांगता येणार, आजोबा. हॉस्पिटल मात्र समोरच, मागचं दार ओलांडलं की झालं. आमच्याकडे सगळे तिथलेच येतात. पेशंटला चालावं लागत नाही."

फोन ठेवला तेव्हा कान तापले होते.

असं आहे तर. लुओने पिशवीची गोष्ट तिला सांगितली असणार. म्हाताऱ्याचं डोकं फिरायला लागलंय, याला फिरायला नेतो म्हणून गाडीत घालू आणि डॉक्टरांपुढे बसवू. वर्ष वाईट आहे, मासा खा, या महिन्यात नको — सगळं त्यासाठी. आता मला कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावणार, शंभरातून सात सात वजा करायला लावणार.

अजिबात नाही. मी वीसला जाणार. तिच्या एक दिवस आधी.

१७ ऑक्टोबर

पिशवी भरली. छत्री, ओळखपत्र, गोळ्या, ही वही.

सगळा पाठ आज तीनदा म्हटला. एकदाही अडखळलो नाही. रागात स्मरण चांगलं चालतं, मेंग सरांना हे माहीत नव्हतं.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

न सांगता जाणं जमेना. वर गेलो, पिशवी तिच्या टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "माझं डोकं शाबूत आहे. मी कुठल्याही हॉस्पिटलात येणार नाही."

तिने पिशवी टेबलावरून उचलून खाली ठेवली.

"खोली एकाच माणसाची आहे, बाबा," ती म्हणाली. "तुम्हाला नाही न्यायचंय. ऑपरेशन माझं आहे."

१९ ऑक्टोबर

एकवीसची दोन तिकिटं काढली. खोलीत दुसरी खाट घालायला सांगितली. बाईने वय विचारलं — चौऱ्याऐंशी, म्हटलं, आणि पेशंटचा बाप आहे. स्टेशनपासून हॉस्पिटलच्या मागच्या दारापर्यंतचा रस्ता सकाळपासून पाठ करतोय.