गप्प बसवलेला दिवा

आर्लन,

या झगझगीत चाकांपासून तुला दोन गोष्टी हव्या होत्या: शेजारच्या डेलचा हेवा आणि माझं मौन. दोन्ही मिळाल्या. जुन्या चाकांतले हवा मोजणारे सेन्सर नव्यांत बसेनात, डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा विझेना, आणि मी टुमणं लावलं. तर तू चारही सेन्सर हवा भरलेल्या नळीत कोंबून नळी डिकीत लपवलीस! गाडीला वाटलं, टायर टणक आहेत. मलाही वाटलं.

काल तळ्याच्या वळणावर मागचा टायर पार बसला आणि गाडी बर्फात आडवी झाली. मागच्या सीटवर आपली लेक, ब्रिटा, किंचाळत होती, दिवा मात्र गप्प. गॅरेजवाला नळी बघून म्हणाला, "ताई, नवरा भलताच डोकेबाज हो तुमचा!" मला हसू आलं नाही.

गाडी त्याच्याकडेच आहे. माझी आई न्यायला आलीय, ब्रिटा आणि मी तिच्याकडे जातोय. रात्रीच्या जेवणाची बटाटा-चीजची हॉटडिश ओव्हनमध्ये आहे, गरम करून खा. या चाकांत बसतील असे सेन्सर घाल, नाहीतर दिवा पेटू दे. मी टुमणं लावेन, तू ऐकून घे. आणि हल्ली मी "ठीक आहे" म्हणते ना, तेही त्या नळीतूनच येतं.

डेल जळला, तू सुटलास, मी फसले. रात्रभर दचकून उठत राहिली ती ब्रिटा.

जोलीन