काडेचिराइताची बिअर

रविवार, २८ जून २००९
आजपासून रोज लिहायचं. मागच्या वहीत तीनच पानं झाली, पण ती वहीच वाईट होती.
ठराव : अंबरनाथचा आमचा कट्टा पुन्हा उभा करायचा. कंपनीने मला आनंदनगर एमआयडीसीतून चाकणला हलवलं, शिवमंदिर रोडवरचा फ्लॅट विकला, त्याला सव्वादोन वर्षं झाली. त्याआधी वीस वर्षं, दर रविवारी चार वाजता, माझ्या बाल्कनीत आम्ही चौघं. मी, पोस्टातला बुद्धभूषण, सोनिवलीचा राजू, आणि उल्हासनगरहून पडद्यांचं दुकान भावावर टाकून येणारा मुकेश. बिअर, खारे शेंगदाणे आणि संवाद. मी बोलायचो, ते ऐकायचे. असा संवाद पुण्यात होत नाही. इथे समोरचाही बोलतो.
मी निघालो आणि कट्टा मोडला असणार. बिचारे. फोनवर सांगत नाहीत, पण कळतं.

रविवार, ५ जुलै
कंपनीत जर्मन इंजिनियर आलाय. म्हणाला, बाटलीतली बिअर ही बिअरच नव्हे. खरी ती क्राफ्ट बिअर. हाताने बनवायची आणि मित्रांबरोबर बोलत बोलत सावकाश प्यायची. मी म्हटलं, दुसरा भाग मला येतो, पहिला सांग. त्याने कृती लिहून दिली.
जव आणले. मटकीसारखे मोड काढले, तव्यावर भाजले. यीस्ट बेकरीतून. हॉप्स नावाचं एक कडू फूल लागतं, ते मंडईत कुणाला ठाऊक नाही. काष्ठौषधीवाल्याने काडेचिराईत दिलं. कडू ते कडू. जर्मनीत काडेचिराईत मिळत असतं तर त्यांनीही तेच घातलं असतं.
बायकोने, मालिनीने, बजावलं, लोणच्याच्या बरणीला हात लावलास तर बघ. बरणीत घातली आहे.

रविवार, १९ जुलै. सायं. ५
बुधवारी गटारी. रजा टाकली, बाटल्या भरल्या, आणि आज चार वाजता तिघांना ओळीने फोन केले. तिघांनीही लगेच उचलला. वाटच बघत होते.
राजू म्हणाला, मधू, त्याच दिवशी सूर्यग्रहण आहे, बाबा काय घरात चूळ पण भरू देणार नाहीत. बाबा म्हणजे कोंडाजी, वय ऐंशी. बुद्धभूषण म्हणाला, वर्षावास सुरू झालाय, आश्विन पौर्णिमेपर्यंत थेंबही नाही. हे मला वीस वर्षांत नवीनच. पावसाळ्यात तो नुसता सोडा प्यायचा, मला वाटायचं घसा धरतो. मालिनी म्हणते, त्याने सांगितलं असेल, तू बोलत असशील. मुकेश म्हणाला, साईं, अपुन तो कभी भी रेडी, पण बाकीचे नाय तर मजा नाय.
एक गंमत. तिघांच्याही फोनमागे कुणीतरी बारीक आवाजात 'जय जिनेंद्र' म्हणत होतं. मोबाइलचं नेटवर्क दिवसेंदिवस बिघडत चाललंय.

रविवार, ३० ऑगस्ट
श्रावण संपला. राजूकडे दहा दिवसांचा गणपती. तो म्हणाला, दर्शनाला ये, बाटली नको आणू. गेलो नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.
एक बाटली फुटली. फ्रिजवरच्या घड्याळाला लागली. ताकद आहे मालात! दुसरी बरणी लावली.

रविवार, १३ सप्टेंबर
पितृपक्ष. राजूला मी म्हटलं, तुझे आजोबा रोज ताडी प्यायचे, ते कशाला नाही म्हणतील? त्याने फोन कट केला. रेंज नसेल.
आजही मागे तेच 'जय जिनेंद्र'. मोबाइल कंपनीकडे लेखी तक्रार करणार.

रविवार, ११ ऑक्टोबर
वर्षावास संपला तर इलेक्शन. बुद्धभूषण ड्यूटीवर. अख्ख्या पंचांगाने माझ्याविरुद्ध युती केली आहे. पण मी मागे हटणारा नाही. चौथी बरणी लावली. मालिनीने लोणचं यंदा प्लास्टिकच्या डब्यात घातलं आणि माझ्याशी बोलणं कमी केलं आहे. त्यामुळे विचार करायला वेळ मिळतो.

मंगळवार, २० ऑक्टोबर
जिंकलो! येत्या रविवारी, चार वाजता. बुद्धभूषण म्हणाला, कीर्तीभाईंकडेच ये, आम्ही असतोच.
कीर्तीभाई म्हणजे ज्यांनी माझा फ्लॅट घेतला ते शहा. काय मित्र आहेत! माझ्यासाठी माझी जुनी बाल्कनी मिळवली, त्या अनोळखी माणसाच्या हातापाया पडले असतील. एवढं वाचून दाखवलं तर मालिनी म्हणाली, असतोच म्हणाला ना तो? मी म्हटलं, तू शब्दांत अडकतेस.
बोलण्याचे मुद्दे काढले. एकूण चौदा.

सोमवार, २६ ऑक्टोबर
काल जाऊन आलो. घडलं ते तसंच्या तसं लिहितो, म्हणजे पुढे कुणी फिरवू नये.
सहा बाटल्या घेऊन माझ्याच दाराची बेल वाजवली. कीर्तीभाईंनी हात जोडले. साठीचे गृहस्थ, अतिशय नम्र. म्हणाले, मधुभाई, माफ करजो, हमारे घर में ये चीज नहीं आती, बाहर रख दो, कोई नहीं लेगा. सहा बाटल्या चपलांच्या रांगेत ठेवल्या. एकीला राजूची चप्पल टेकली होती.
बाल्कनीत तेच तिघं. चहा, फाफडा, तळलेली मिरची. कठड्याला पिंजरा, त्यात पोपट. मला बघून म्हणाला, जय जिनेंद्र.
नेटवर्कची तक्रार मागे घ्यावी लागेल.
पोपटाला तिघांची नावंही येतात. दोन वर्षांत शिकला, असं राजू कौतुकाने म्हणाला.
चार खुर्च्यांवर ते चौघं. बुद्धभूषण उठायला लागला, पण कीर्तीभाईंनी मला आतून डायनिंगची खुर्ची आणून दिली. गादीची होती. पाहुण्यांना देतात ती.
पहिला मुद्दा काढला. सगळ्यांनी ऐकला. मग बुद्धभूषणने पोस्टातली एक गोष्ट सांगितली आणि मुकेश हसता हसता खुर्चीवरून घसरला. मीही हसलो, पण गोष्टीतला साहेब कोण ते मला माहीत नव्हतं. मग आणखी एक सांगितली. बुद्धभूषण इतका बोलतो, इतका हसवतो, हे मला वीस वर्षांत कळलं नव्हतं. कीर्तीभाई काहीच बोलत नाहीत. मधेच 'पछी?', म्हणजे 'मग?', एवढं म्हणतात आणि मिरची पुढे करतात. याला काय कट्टा म्हणायचं?
तेरा मुद्दे परत आणले.
खाली उतरल्यावर बाटली उघडलीच. मुकेशला शुगर. बुद्धभूषण म्हणाला, तीन महिन्यांत सुटली ती सुटलीच, मधू, राग मानू नको, आणि माझा हात बराच वेळ धरून ठेवला. राजूने एक घोट घेतला, डोळे मिटले, म्हणाला, आयला, कावीळ झाली तेव्हा आई द्यायची ते! उरलेल्या बाबांसाठी घेऊन गेला.
गाडीत वाईट वाटलं. कारण थंडी असावी.

रविवार, १ नोव्हेंबर. दुपारी ४
राजूचा फोन. अडीच वर्षांत त्याने आपणहून केलेला पहिला. कोंडाजींचं पोट साफ होतंय, अजून चार बाटल्या पाठव म्हणतात. मागे पोपट.
मी असा सोडणारा नाही. फ्लॅट विकला, कट्टा विकला नव्हता. त्या चार प्लास्टिकच्या खुर्च्या माझ्या आहेत. टेम्पो करून घेऊन येणार, मग बघू कुठे बसतात. कीर्तीभाईंना कायदेशीर पत्र लिहायला विक्रीची फाइल काढली. फ्लॅटबरोबर काय काय दिलं त्याची यादी सापडली. अक्षर माझं.
पंखे चार. ट्यूबलाइट सहा. गीझर एक. बाल्कनीतल्या खुर्च्या चार.
खुर्च्यांपुढे मीच कंसात लिहिलंय : पुण्यात लागणार नाहीत.