हाडांची गोळी आणि घोटभर पाणी

छोट्या,

आईला दवाखान्यात ठेवून घेतलंय. मी तिचे कपडे न्यायला आले होते, आता परत निघतेय. कामावर तुझा फोन लागत नाही, म्हणून हे लिहितेय.

घास गिळवत नाही म्हणत होती, तो आपल्याला रुसवा वाटला. रुसवा नव्हता. ती हाडांची गोळी अन्ननलिकेत चिकटून राहिली आणि तिथं जखम झालीय. ती गोळी पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची असते आणि नंतर निदान अर्धा तास ताठ बसायचं असतं. आई मात्र पडल्या पडल्या, एका घोटावर घ्यायची.

डॉक्टरांनी असं का म्हणून विचारलं, तर म्हणाली, "पाणी प्यायलं की बाथरूमला जावं लागतं. एकटीला उठता येत नाही, आणि पोराला सारखी हाक मारलेली आवडत नाही."

तूही कामावरून पार पिळून निघून येतोस, ते मला दिसतं.

तोंडाने काही द्यायचं नाही, सलाईन लावलंय. जखम किती खोल आहे ते उद्या दुर्बिणीतून बघतील. डॉक्टर फारसं सांगत नाहीत, तेच मला बरं वाटत नाही.

तिचा चष्मा मला सापडला नाही, तो शोधून आण. आलास की तिच्याजवळ नुसता बस. माफी मागू नकोस. ती तुझीच समजूत घालत बसेल, आणि तिला आता जास्त बोलायला मनाई केलीय.

ताई